सोलापुरातलं हे मॅमोग्राफी सेंटर कसं आहे, चाळिशी ओलांडलेल्या बायकांसाठी सविस्तर रिव्ह्यू

ज्यांना फक्त हो की नाही एवढंच पाहिजे त्यांना आधीच सांगते, जावा. नक्की जावा. पार्किंगचा त्रास आहे, अपॉइंटमेंट घेतली तरी थांबायला लागतं, रिपोर्ट इंग्रजीत मिळतो, तरी पण जावा, कारण मॅमोग्राफीसाठी, म्हणजे ब्रेस्ट कॅन्सर शोधायला छातीचा एक्सरे काढतात त्या तपासणीसाठी, बायकांशी इतकं नीट बोलणारी आणि इतक्या आदरानं वागवणारी माणसं मला तरी सोलापुरात दुसरीकडं भेटली नाहीत. फोन करून विचारणाऱ्या इतक्या झाल्यात की प्रत्येकीला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकते, जरा मोठं होईल पण वाचा.

आम्ही तिघी गेलो होतो. मी ४७ ची, माझ्या मोठ्या जाऊबाई ५२ च्या, आणि शेजारच्या अक्का, आधार कार्डावर त्यांचं वय ५८ आहे. अक्का तेलुगू बोलणाऱ्या, लग्न होऊन आल्यापासून विड्या वळतायत, सकाळपासून मांडीवर सूप घेऊन बसतात, एक दिवस बुडाला की तेवढ्या विड्यांची मजुरी बुडाली, त्यामुळं त्यांना तिथवर आणणं हेच मोठं काम होतं. आणि महत्त्वाचं म्हणजे तिघींपैकी कुणालाच काही त्रास नव्हता. गाठ नाही, दुखणं नाही, काही नाही. हे मुद्दाम सांगतेय कारण जिला सांगावं ती म्हणते "मला कुठं काय होतंय, कशाला उगं जायचं". अगं काही होत नसतानाच करायची तपासणी आहे ही! हाताला लागायच्या आधीची, ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ सुद्धा मॅमोग्राफीत दिसू शकते, आणि सुरुवातीला ती दुखत पण नाही, बहुतेक वेळा नाहीच दुखत. दुखत नाही म्हणून बायका अंगावर काढतात आणि दुखायला लागेपर्यंत बऱ्याचदा आजार काखेत पोचलेला असतो.

फोनवरच पहिला चांगला अनुभव आला. अपॉइंटमेंट घेताना तिथल्या मुलीनं मला विचारलं की पाळी चालू आहे का, शेवटची कधी आली, आणि पाळी संपल्यावर साधारण आठवड्याभरानं या म्हणाली, कारण त्या आधी छाती जड असते, दाबलं की जास्त दुखतं. अंगाला पावडर, डिओ, क्रीम काही लावू नका हे पण तिनंच सांगितलं. डिओ आणि पावडरमधले बारीक कण फिल्मवर पांढरे ठिपके होऊन दिसतात आणि डॉक्टरांना ते कॅल्शियमचे ठिपके वाटू शकतात, जे काही वेळा कॅन्सरची अगदी पहिली खूण असतात, म्हणजे उगं नको ती शंका. ड्रेस घातला तर वरचा वेगळा निघेल असा घाला, एकसंध गाऊन नको. आधीचे कुठले रिपोर्ट, फिल्म असतील तर घेऊन या. एवढं सगळं फोनवर शांतपणे सांगणारं रिसेप्शन मी पहिल्यांदा बघितलं. तरी अक्का काखेत पावडर लावून आल्याच होत्या, सवयच असते ना, तर सिस्टरनी काही न बोलता ओला नॅपकिन दिला आणि पुसून या म्हणाल्या.

आता जागेबद्दल. दुसरा मजला, लिफ्ट आहे पण लहान आहे. भिंतीवर एईआरबीचं, म्हणजे एक्सरे मशीनला परवानगी देणाऱ्या केंद्राच्या अणुऊर्जा नियामक मंडळाचं, लायसन्स लावलेलं आहे, कुठल्याही एक्सरेच्या ठिकाणी गेलात तर हे बघत जावा. पुरुषांना बसायला बाहेर वेगळी जागा, आत फक्त बायका. कपडे बदलायची खोली स्वच्छ, आतून लागणारी कडी, धुतलेला सुती गाऊन पुढून उघडणारा, दागिने ठेवायला झाकणाचा छोटा डबा. तुम्ही म्हणाल ह्यात काय सांगण्यासारखं, पण सांगण्यासारखंच आहे. माझ्या एका नात्यातल्या बाईंना दुसऱ्या एका ठिकाणी, नाव लिहीत नाही, दार नीट लागत नसलेल्या खोलीत उभं केलं होतं, मधेच एक वॉर्डबॉय फाईल घ्यायला आत येऊन गेला, आणि त्या बाई परत कधीच कुठल्या तपासणीला गेल्या नाहीत. लाज ही बायकांची अडचण आहे असं सगळे म्हणतात, पण ती लाज सांभाळायची जबाबदारी तपासणाऱ्यांची पण आहे की नाही? ह्या सेंटरला मी चांगले मार्क देते ते सगळ्यात आधी ह्याच गोष्टीसाठी. टेक्निशियन बाई आहे, डॉक्टर बाई आहेत, आणि दर वेळी हात लावायच्या आधी विचारतात, "हात लावू का ताई?"

अक्कांचा प्रसंग सांगते. मंगळसूत्र काढा म्हटल्यावर अक्का अडून बसल्या. नवरा असताना काढणार नाही म्हणजे नाही, घरी जाते पण काढणार नाही. मला वाटलं झालं, आता आलं सगळं वाया. पण त्या टेक्निशियननं वाद घातला नाही, "नका काढू अक्का, मागं पाठीवर सोडा" म्हणाली, स्वतः हळूच मागं फिरवलं आणि पुढं येऊ नये म्हणून वरून टेप लावली. मग तेलुगूत "भयपडकंडी अक्का", घाबरू नका म्हणाली, आणि अक्कांचा चेहराच बदलला. आपल्या सोलापुरात निम्मं काम भाषेनंच होतं. ती मुलगी मराठी, तेलुगू, कन्नड तिन्ही बोलते आणि हिंदी तर सगळेच बोलतात.

मशीनचं सांगते, कारण सगळ्यात जास्त भीती त्याचीच असते. उभं राहायचं, छाती एका सपाट पाटीवर ठेवतात, पाटी गार असते, आणि वरून दुसरी पारदर्शक पाटी खाली येऊन दाबते. दुखतं का? हो, दुखतं, खोटं कशाला सांगू, चांगलं दाबतात. पण काही सेकंदच, "श्वास धरा" म्हणतात, फोटो निघाला की पाटी लगेच सुटते. प्रत्येक बाजूचे दोन, एक वरून आणि एक तिरका काखेपर्यंतचा, असे चार फोटो. दाबतात ते कारण दाबल्यानं आतला भाग पसरतो, एकावर एक पडून काही झाकलं जात नाही, फोटो हलत नाही आणि रेडिएशन पण कमी लागतं. दाबल्यानं गाठ फुटते, कॅन्सर पसरतो हे सगळं खोटं आहे. रेडिएशनचं म्हणाल तर आपल्याला जमिनीतून, आकाशातून आपोआप जे मिळतच असतं ते सुमारे सात आठवड्यांत जेवढं होतं तेवढं एका मॅमोग्राफीत मिळतं, त्यासाठी घाबरून घरी बसण्यासारखं काही नाही. माझ्या जाऊबाईंना माझ्यापेक्षा बराच कमी त्रास झाला, अक्का तर बाहेर येऊन "एवढंच?" म्हणाल्या. प्रत्येकीचं वेगळं असतं.

मशीनच्या आधी डॉक्टर मॅडम हातानं तपासतात, दोन्ही बाजू, काखा, गळ्याजवळ. ह्याला कमी समजू नका. मुंबईत टाटा हॉस्पिटलनं १९९८ मधे एक अभ्यास सुरू केला, दीड लाखावर बायका, वीस वर्षं लक्ष ठेवलं, त्यात ट्रेनिंग दिलेल्या साध्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी बायकांची छाती हातानं तपासायच्या, बस एवढंच. तरी ५० आणि त्यापुढच्या वयाच्या बायकांमधे ब्रेस्ट कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायकांमधे तसा फरक दिसला नाही हे पण खरं आहे. पण मशीन नाही म्हणून काहीच करता येत नाही असं नाही एवढं तर कळतं ना. मॅडमनी आम्हाला काय बघायचं ते पण सांगितलं, आंघोळीच्या वेळी किंवा आरशासमोर, नवीन गाठ, काखेत गाठ, कातडीला खळी पडणं किंवा संत्र्याच्या सालीसारखी जाड होणं, बोंड आत ओढलं जाणं, बोंडातून रक्त किंवा आपोआप पाणी येणं, एक बाजू अचानक वेगळी दिसायला लागणं. ह्यातलं काही दिसलं तर तपासणीच्या तारखेची वाट बघायची नाही, लगेच दाखवायचं, मग वय २५ असो नाहीतर ७५.

आता जाऊबाईंचं. माझा आणि अक्कांचा रिपोर्ट साफ आला, पण जाऊबाईंना "अजून एक तपासणी करू, थांबा" म्हणाले. काळजात धस्स झालं ओ. जाऊबाईंनी तर तिथंच पदर तोंडाला लावला. रिपोर्टवर बायरॅड्स ० लिहिलेलं होतं, बायरॅड्स म्हणजे मॅमोग्राफीचा निकाल ० ते ६ आकड्यांत सांगायची पद्धत. मला वाटलं शून्य म्हणजे काही नाही, पण मॅडमनी बसवून समजावलं की शून्य म्हणजे चित्र अपुरं आहे, अजून बघायला पाहिजे एवढाच त्याचा अर्थ. १ म्हणजे साफ, २ म्हणजे काहीतरी आहे पण साधं आहे, ३ म्हणजे बहुतेक साधंच आहे, कॅन्सर असण्याची शक्यता २ टक्क्यांच्या वर नाही, सहा महिन्यांनी परत दाखवा, ४ आणि ५ म्हणजे सुईनं तुकडा काढून तपासायला पाहिजे, आणि ६ म्हणजे आधीच निदान झालेलं आहे. जाऊबाईंची छाती दाट आहे, फिल्मवर दाट भाग पांढरा दिसतो आणि गाठ पण पांढरीच दिसते, म्हणून नीट कळत नव्हतं. लगेच तिथंच सोनोग्राफी केली, पाण्यानं भरलेली साधी गाठ निघाली, आमचा जीव भांड्यात पडला. हे एवढ्यासाठी लिहितेय की परत बोलावलं म्हणजे कॅन्सरच असं धरून रडत बसू नका. परत बोलावलेल्या बहुतेक बायकांना काही निघत नाही.

आणि निघालंच तर? जाऊबाईंनी मॅडमना हेच विचारलं, समजा निघालं असतं तर काय. तर त्यांनी जे सांगितलं ते मी घरी येऊन वहीत लिहून ठेवलं. आपल्या देशातल्या वेगवेगळ्या भागातल्या कॅन्सर नोंदींवरून, २०१२ ते २०१५ मधे निदान झालेल्या बायकांचं बघितलं तर आजार छातीपुरताच असताना सापडलेल्यांपैकी ८१ टक्के बायका पाच वर्षांनी हयात होत्या, आणि शरीरात दुसरीकडं पसरल्यावर सापडलेल्यांपैकी फक्त १८ टक्के. आजार तोच, फरक फक्त कधी सापडला ह्याचा. २०२२ च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला १ लाख ९२ हजार बायकांना नव्यानं हा कॅन्सर झाला आणि ९८ हजारांवर बायका गेल्या. हे आकडे ऐकून मी सुन्न झाले.

आमच्या घरात कुणाला नाही, आम्ही पोरांना दोन दोन वर्षं अंगावर पाजलंय, आम्हाला कसा होईल, हे पण खूप ऐकते. पाजल्यानं धोका कमी होतो हे खरंच आहे, पण संपत नाही. आणि घराण्यातून थेट येणारा साधारण ५ ते १० टक्केच असतो, म्हणजे ज्यांना झाला त्यातल्या बहुतेकींच्या घरात आधी कुणालाच नव्हता. घरात आई, बहीण, मावशी कुणाला लहान वयात झालेला असेल तर मात्र डॉक्टरांना आधी सांगा, त्यांची तपासणी लवकर सुरू करतात. आणि सुई घातली की पसरतो ही भीती डोक्यातून काढून टाका. सुईनं तुकडा काढल्याशिवाय गाठ कसली आहे ते कळतच नाही आणि औषध पण ठरत नाही.

वयाचं पण स्पष्ट लिहिते. चाळिशीच्या आत काही त्रास नसताना उठून मॅमोग्राफीला जाऊ नका, त्या वयात छाती दाट असते, नीट दिसत नाही, काही वाटलं तर आधी डॉक्टरांना दाखवा, बहुतेक वेळा सोनोग्राफी सांगतात. ४० नंतर किती वर्षांनी करायची ते प्रत्येक देशाचं वेगळं आहे, अमेरिकेत २०२४ पासून ४० ते ७४ वयात दर दोन वर्षांनी सांगतात. आपल्याकडं सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या बायकांची दर पाच वर्षांनी हातानं तपासणी आहे, ती सरकारी आयुष्मान आरोग्य मंदिरात, उपकेंद्रात फुकट होते, आपल्या भागातल्या आशाताईंना विचारा. अक्कांच्या बहिणीला, ती कुंभारीच्या विडी घरकुलात राहते, मी आधी हेच करायला सांगितलंय. ह्या सेंटरला पैसे पडतात. दोन्ही बाजूंची मॅमोग्राफी दोन हजारांच्या आत झाली, सोनोग्राफीचे वेगळे. अक्कांचे आम्ही दोघींनी मिळून भरले. इथं सरकारी योजना चालत नाही हे जायच्या आधी माहीत असू द्या. पण पुढं उपचाराची वेळ आलीच तर महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, कॅन्सरचे उपचार त्यात येतात, २०१२ मधे ही योजना राजीव गांधी जीवनदायी नावानं ज्या आठ जिल्ह्यांत पहिल्यांदा सुरू झाली त्यात आपलं सोलापूर होतं, तेव्हा पैशाच्या भीतीनं तपासणी टाळू नका. आणि मुंबई-पुण्यालाच पळायला पाहिजे असं पण नाही, आपल्याच जिल्ह्यात बार्शीला नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल कितीतरी वर्षांपासून आहे. गावागावातल्या कॅन्सर पेशंटची नोंद ठेवणारं देशातलं पहिलं ग्रामीण रजिस्टर १९८७ मधे तिथंच सुरू झालं. आपल्या लोकांना ह्याचा अभिमान पाहिजे आणि माहिती पण पाहिजे.

जे आवडलं नाही ते पण लिहिते. पार्किंग अजिबात नाही, टू व्हीलर कशीबशी लागते, चारचाकी आणूच नका, रिक्षानं जावा. अकराची वेळ दिली होती आणि नंबर लागला तेव्हा दुपार झाली होती, दुसऱ्या एका बाईंना जास्त तपासण्या लागल्या म्हणून उशीर झाला असं सांगितलं, ते कारण पटतं, पण विडीकाम, घरकाम करणाऱ्या बाईचा अख्खा दिवस जातो ह्याचा विचार करा. रेटबोर्ड बाहेर लावा, विचारल्यावर सांगतात पण गरीब बाई विचारायलाच बिचकते. आणि सगळ्यात मोठी तक्रार रिपोर्टची. दारावरच्या सूचना तीन भाषांत, बोलायला तीन भाषा, आणि हातात मिळणारा कागद मात्र फक्त इंग्रजीत! मॅडम समजावून सांगतात हे मान्य, पण घरी गेल्यावर सासू विचारते, नवरा विचारतो, तेव्हा दाखवायला काय? रिपोर्टच्या मागं चार ओळी मराठीत, तेलुगूत, कन्नडात लिहा, साफ आहे, परत कधी यायचं, एवढं पुरे. अर्धा स्टार मी ह्याचाच कापलाय.

बाहेर बसलेल्या पुरुष मंडळींना एक सांगते. त्या दिवशी एक भाऊ बायकोला घेऊन आले होते, तिच्या हातात पर्स, पाण्याची बाटली, फाईल सगळं, आणि ती आत जाताना ते सगळं त्यांनी स्वतः घेतलं आणि "मी इथंच आहे, सावकाश ये" म्हणाले. त्या बाईचा चेहरा बघायला पाहिजे होता. बायको आपणहून नाही जात ओ, तिला घेऊन जावं लागतं, पोरांची परीक्षा, सणवार, पाहुणे ह्यातून तिचा नंबर शेवटी लागतो. आणि हो, पुरुषांना पण हा कॅन्सर होतो, शंभरातला साधारण एक पेशंट पुरुष असतो, छातीत गाठ लागली तर तुम्ही पण लाजू नका.

सेंटरवाल्यांना माझी एक विनंती. ऑक्टोबर ह्या ब्रेस्ट कॅन्सर जागृतीच्या महिन्यात गुलाबी फुगे लावून तुम्ही सवलत देता ते चांगलंच आहे, पण जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेला होम मैदानावर गड्डा, म्हणजे मोठी जत्रा, भरतो तेव्हा तिथं एक स्टॉल टाका. अक्कलकोट, मंगळवेढा, मोहोळ, कुठून कुठून बायका येतात, पाळण्यात बसतात, बांगड्या भरतात, दवाखान्यात कधी पाय न ठेवणाऱ्या कितीतरी जणी तिथं भेटतील. मशीन नको, पडदा लावलेली एक बंद जागा, तुमच्या मॅडम आणि ती तेलुगू बोलणारी मुलगी एवढं असलं तरी चालेल. बायकांना बोलावून आणायला आमच्या भिशीतल्या सात-आठ जणी येतो म्हणाल्यात, तारीख तेवढी कळवा.